कव्हर जितेशकडे आहे

…आणि वर मला म्हणतो कसा, "मन्या, कव्हर बघावंसं वाटलं ना, तर कधीपण ये रे घरी, संकोच करू नको." संकोच करू नको! म्हणजे मी त्याच्या घरी जायचं, त्याच्या खुर्चीत बसायचं, त्याच्या आईच्या हातचा चहा प्यायचा, आणि मग त्याने कपाटातनं प्लास्टिकच्या पिशवीतलं ते कव्हर काढून लांबूनच, हां, लांबूनच दाखवायचं, हात लावायचा नाही, कारण माझ्या हाताला घाम येतो म्हणे! तुम्हाला सांगतो, मी जळत नाही. जळणं माझ्या स्वभावातच नाही. रसायनीला केमिकल कंपनीत पॅकिंगला आहे मी, ठिणगीपासून लांब राहायचं हेच तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. पण कव्हर त्याच्याकडे आहे!

कसलं कव्हर? सांगतो ना, बसा. आता बघा, माणसाला काहीतरी नाद असतो. आमच्या चौक गावात कुणाला बैलांचा आहे, कुणाला भजनाचा, एकाला तर नुसता ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायचा नाद आहे, उत्तर ऐकायला थांबत नाही. मला सिनेमाचा. सगळे बघतात ते नाही हो! युरोपातले, इटली, स्पेन, जर्मनी तिकडचे, माझ्या जन्माच्या आगेमागे काढलेले, भुताचे, खुनाचे, रक्त पिणाऱ्या सरदारांचे, बिघडलेल्या नन्सचे, खिशात दमडी नसताना काढलेले भडक सिनेमे. काय एकेक सिनेमा! धुकं बघायचं तुम्ही. घराबाहेर धुकं असतं ते समजतं, ह्यांच्या स्वयंपाकघरातपण धुकं असतं. रक्त अगदी आपल्या कोकम सरबताच्या रंगाचं. आणि एक बाई असते, ती पातळ झग्यात मेणबत्ती घेऊन जिना उतरते. का उतरते? वर झोप ना सुखाने! पण नाही, आवाज आला की उतरायचं, आणि दिवा आहे तरी लावायचा नाही.

लोक म्हणतात, मनोज, तुला त्या भाषेतलं कळतं काय? अहो, न कळायला काय झालं! म्हातारा चुलता मेलेला असतो, वकील कागद वाचतो, पुतणे बसलेले असतात, एकेकाचं तोंड बघा नुसतं. कुणाला घर पाहिजे, कुणाला जमीन, आणि चुलतीला सगळंच. आमच्या खालापूर तालुक्यात निम्म्या घरात हाच सिनेमा चालू आहे, फक्त मागे पियानो वाजत नाही. म्हणून मला आवडतात ते. परके वाटतच नाहीत.

आणि मी नुसता बघत नाही, जमवतो. कॅसेट, डीव्हीडी, ब्लूरे, मिळेल ते. माझी मुलगी आरोही म्हणते, "बाबा, हे सगळं मोबाईलवर असतं." असू दे की! मोबाईलवर आमरसाचे फोटोपण असतात, हात चिकट होतात का? वस्तू हातात पाहिजे. कव्हर पाहिजे, कव्हरवरचं ते किंचाळणाऱ्या बाईचं चित्र पाहिजे… आता त्या बायकांच्या अंगावर कपडे जरा बेताचेच असतात, त्याला मी काय करू, तिकडे हवा तशी असेल. त्यामुळे सुप्रियाने, आमच्या मिसेसने, कपाटाला पडदा लावला. लाल, जरीकाठी. एकदा जितेशची आई भागूबाईकाकी आली, तिने आत येऊन चप्पल काढली, पडद्यासमोर उभी राहिली आणि डोळे मिटून हात जोडले. आत काय होतं? आत एक नन होती, तिच्या हातात कुऱ्हाड होती. सुप्रिया त्यानंतर माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. पडदा मात्र राहिला.

तर हा जितेश. आमच्याच गावचा, माझ्याच डिपार्टमेंटचा, घर माझ्या घरासमोर, मध्ये फक्त एक भाताचं खाचर. ह्याला हा नाद कुणी लावला? मी! कॅन्टीनमध्ये मला विचारायचा, "मन्या, तू सुट्टीला करतोस काय रे?" मी साधा भोळा माणूस, सांगितलं. पहिली डीव्हीडी मी दिली त्याला बघायला, स्पेनची, त्यात सरदार वटवाघूळ होतो आणि वटवाघळाची दोरी दिसते. परत आणून देताना त्याचे डोळे चमकत होते. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं! पण मला आनंद झाला हो, खरं सांगतो, गावात बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून.

आणि मग त्याचं नशीब बघा. मी विदेशातनं मागवणार, महिनोन् महिने वाट बघणार, पार्सल येणार ते फुटलेलं. आणि हा? हा कशेळ्याच्या बाजारात सुके बोंबील आणायला जातो, आणि बोंबीलवालीच्या शेजारी जुने चार्जर विकणाऱ्या माणसाकडे ह्याला जर्मन भुताची डीव्हीडी मिळते. नवीकोरी! पुढच्या बाजाराला मी गेलो कशेळ्याला, जीपला लटकून गेलो. काय मिळालं? बोंबील. ह्याचा चुलतभाऊ कर्जतला फार्महाऊसवर बागेचं बघतो, तिथल्या मालकांनी घर रंगवायला काढलं, जुनं सामान बाहेर ठेवलं, त्यात फ्रान्सच्या सिनेमांचा खोका. खोका! माझाही एक मेहुणा आहे फार्महाऊसवर, त्याला मी सांगून सांगून थकलो, तो मला तिथनं काय आणून देतो? आंब्याची कलमं. मी जळत नाही हो. एखाद्याचं नशीब असतं. पण काही अंत आहे की नाही?

आता मुद्द्यावर येतो. आमच्या कंपनीत पूर्वी एक इटालियन इंजिनियर आला होता, मशीन बसवायला. मी तेव्हा शाळेत असेन. वर्षभर राहिला म्हणे गेस्ट हाऊसला आणि जाताना एक ट्रंक विसरून गेला. मध्यंतरी ते गेस्ट हाऊस पाडलं, आणि आतलं सगळं चौकच्या सदूने उचललं, भंगारवाला सदू, हायवेला ज्याचं दुकान आहे तो. मला कॅन्टीनमध्ये उडत उडत कळलं, ट्रंकेत व्हिडिओ कॅसेट होत्या. इटालियन माणसाची ट्रंक! माझ्या हातातला घास हातात राहिला. शिफ्ट सुटल्यासुटल्या पळालो. आणि इथे माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती कोण जाणे, जितेशला बरोबर नेलं, कारण मोटारसायकल त्याची होती.

सदूची पद्धत काय आहे, माल आला रे आला की तो फोडतो. प्लास्टिक एकीकडे, पुठ्ठा आणि कागद दुसरीकडे, लोखंड तिसरीकडे. त्याला विचारलं, कॅसेट कुठायत? म्हणाला, "त्या व्हय? फोडल्या की. डब्या पलास्टिकमधी, कागद रद्दीमधी." मी डोक्याला हात लावला. मग गुडघाभर प्लास्टिकमध्ये शिरलो, बादल्या, टमरेलं, तुटक्या खुर्च्या, सगळं उपसलं. कॅसेट सापडत होत्या पण पावसाने सगळ्यांना बुरशी, आणि शेवटी, अगदी तळाशी, एक! स्वच्छ! वर चिठ्ठी, इटालियनमध्ये. नाव मी अक्षरांवरनंच ओळखलं, अर्थ आरोहीच्या मोबाईलवर नंतर काढला, 'सात सुया आणि एक विधवा'. अहो, काय नाव आहे! ह्या सिनेमाबद्दल मी वाचलं होतं फक्त. जगात कुणाकडे नाही असं जाणकार लोक म्हणतात, आणि तो माझ्या हातात, चौकला, सदूच्या दुकानात! माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी ओरडलो, जित्या, सापडली!

आणि जितेश कुठे होता? जितेश माझ्यासारखा घाम गाळत नव्हता. तो शेंगदाणे खात रद्दीच्या ढिगावर बसला होता. बसला होता हो! तो उठला, पँट झटकली, खाली बघितलं आणि म्हणाला, "मन्या, ही बाई कोण रे?" त्याच्या बुडाखाली कव्हर! त्याच कॅसेटचं! विधवा, काळे कपडे, डोळे बाहेर आलेले, तोंड उघडं, जीभ लाल, आणि केसांत सात सुया. काय चित्र होतं… दाभणाएवढ्या सुया, आमच्या पॅकिंगला गोण्या शिवायला असतात तसल्या. मी म्हणालो, आण इकडे. तो म्हणाला, "मला सापडलं ना पण." बस्स. तिथून सुरू झालं. कॅसेट माझी. कव्हर त्याच्याकडे.

तुम्ही म्हणाल, कॅसेट तर तुझ्याकडे आहे, सिनेमा तर कॅसेटमध्ये असतो. तुम्हाला नाही कळणार. नुसती काळी कॅसेट म्हणजे काय हो, सदऱ्याशिवाय उभा माणूस! आम्हा जमवणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, देशोदेशीचे लोक. मी कॅसेटचा फोटो टाकला. बेल्जियमच्या एकाने विचारलं, "कव्हर कुठे आहे?" बाकी कुणी काही नाही. दुसऱ्या दिवशी जितेशने कव्हरचा फोटो टाकला. अहो, दिवाळी! हा मिठ्या मारतोय, तो टाळ्या वाजवतोय, तो बेल्जियमचा माणूस, ज्याने मला कधी साधा नमस्कार केला नाही, तो जितेशला 'माझ्या भावा' म्हणतोय. भावा! कॅसेट जगात एकच, ती माझ्याकडे, आणि भाऊ तो! मी जळत नाही हो. पण कव्हर त्याच्याकडे आहे!

आणि गंमत पुढेच आहे. सिनेमा मी बघितलेलाच नाही. कारण कॅसेट लावायला व्हीसीआर पाहिजे, आणि पंचक्रोशीत चालू व्हीसीआर एकच… बरोबर! जितेशचे वडील, मालोजीकाका, ते होते तेव्हा सत्यनारायणाला टीव्ही-व्हिडिओ भाड्याने द्यायचे. त्यांचा व्हीसीआर ह्याने तेलपाणी करून ठेवलाय, अजून घड्याळासारखा चालतो. तो म्हणायचा, "मन्या, कॅसेट घेऊन ये, बघू." मी म्हणायचो, तू व्हीसीआर घेऊन ये, बघू. कारण माझी कॅसेट एकदा त्याच्या घरी गेली, कव्हरशेजारी बसली, की ती परत येते का? मन लागलं तिचं तिथे तर? हसू नका! तो येईना, मी जाईना. मी कॅसेट तांदळाच्या डब्यात ठेवली, दमट हवा लागू नये म्हणून कंपनीतल्या पॅकिंगच्या ओल शोषणाऱ्या पुड्या तिच्याभोवती ठेवल्या. सुप्रिया म्हणाली, "अहो, त्या पुड्या एखाद्या दिवशी भातात शिजतील." सिनेमा तांदळात, कव्हर कपाटात, आणि मध्ये भाताचं खाचर. वर्ष गेलं असं.

तेवढ्यात जितेशने घर बांधायला काढलं. जुनं पाडून, दुमजली! आता बघा, मी त्या घराविरुद्ध एक अक्षर बोललो नाही. फक्त खिडकीत उभा राहायचो. शिफ्टवरनं आलं की चहा घ्यायचा आणि खिडकीत उभं राहायचं, ह्यात गैर काय आहे? माझी खिडकी आहे. कॉलम उभे राहिले, मी बघितले. स्लॅब पडला, मी बघितला. आणि स्लॅब गळायला लागला. मग गवंड्याचा अंगठा चेचला. मग बोअरचं पाणी आटलं. मग टाइल्सचा टेंपो आमच्याच खाचरात रुतला, त्याला काढायला दोरी मीच दिली! आणि भागूबाईकाकी गावभर सांगत सुटली, "कुनीतरी जळतंय रं आमच्यावर. कुनाची तरी नदर लागली हाय." माझ्यासमोर म्हणाली. मी काय करणार? मान डोलावली. म्हटलं, असतात काकी, असतात लोक तसली.

आणि एक दिवस, जितेश फर्स्ट शिफ्टला, मी घरी, काकीने खाचरापलीकडनं हाक मारली. "मनोज, ए मनोज, हकडं ये जरा. तू उंच हायेस, एवढं ठोकून दे रं वर." गेलो. शिडी लावलेली, हातोडी तयार. म्हटलं काय ठोकायचंय? नवीन घरावर काळी बाहुली टांगतात ना, किंवा ते राक्षसाचं तोंड, तसलं असेल. तर काकीने पदराखालनं काय काढलं माहितेय? विधवा! सात सुया, लाल जीभ, कव्हर! म्हणाली, "जितेशच्या कपाटात व्हतं. बघ की, कसं बघती ती. हिच्याम्होरं कुनाची नदर टिकंल?"

अहो! वर्षभर ज्याला बोट लावायला मिळालं नाही ते काकी माझ्या हातात देतेय, आणि कशाला देतेय, तर खिळा मारायला! उन्हात! पावसात! म्हटलं, काकी, जितेशला विचारलंत का? "त्याला काय इचारायचं? घर माझ्या नावावर हाय." म्हटलं, काकी, मी नाक्यावरनं चांगली बाहुली आणतो, मोठी आणतो, केसवाली आणतो. "बाहुलीला कोन भ्यातं आता?" म्हटलं, मग हे मी ठेवतो माझ्याकडे. काकीने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. "तुला कशापायी पायजे?" काय सांगू? नन्सच्या पडद्यामागे ठेवतो म्हणून सांगू?

तेव्हा मला सुचलं. सुचतं हो एखाद्याला वेळेवर. म्हटलं, काकी, पाऊस लागला तर चार दिवसांत लगदा होईल, नजर काय दिसणार तिला? मी लॅमिनेशन करून आणतो. काकी म्हणाली, "आन. पन लवकर आन." मी जे सुटलो ते चौकच्या नाक्यावर पदूच्या झेरॉक्सच्या दुकानातच थांबलो. म्हटलं, पदू, ह्याची रंगीत झेरॉक्स काढ, अगदी हुबेहूब, आणि झेरॉक्सला लॅमिनेशन कर. पदूने ते घेतलं, बघितलं, आणि म्हणाला, "आली का ही बाई परत?" मी घाईत होतो, माझं लक्ष कुठे होतं त्याच्या बोलण्याकडे! मी आपला बघत होतो तो कागद. काय कागद होता, गुळगुळीत, स्वच्छ, आजच छापल्यासारखा. म्हटलं, इटलीचा माल तो इटलीचा माल.

झेरॉक्स नेऊन ठोकली. मीच, शिडीवर चढून, चारी कोपऱ्यांना खिळे मारून. काकी खाली उभी राहून बघत होती, शेवटचा खिळा बसला तेव्हा पुटपुटून तिने काहीतरी ओवाळल्यासारखं केलं. आणि अस्सल? अस्सल माझ्या सदऱ्यात, छातीशी! चोरी म्हणू नका. मी नसतो तर उन्हापावसात मेली असती ती बाई. वाचवलं मी तिला! पडद्यामागे नेऊन कुऱ्हाडवाल्या ननशेजारी ठेवली, आणि तुम्हाला सांगतो, मी पहिल्यांदा शांत झोपलो.

पण मला आणखी एक सुख पाहिजे होतं. जितेशचं तोंड बघायचं होतं. तो शिफ्टवरनं येणार, वर बघणार, त्याचं कव्हर, खिळे मारलेलं! मी खिडकीत तयार, चहासकट. आला. मोटारसायकल लावली. वर बघितलं. आता रडतो, आता शिडी लावतो… काही नाही! हसला. "आईपण ना," म्हणाला, आणि टाइल्सवाल्याला फोन लावला. माझा चहा गार झाला. अहो, असं कसं? जगातलं एकमेव कव्हर, खिळे बसलेत त्याला, आणि हा टाइल्सबद्दल बोलतोय? आणि मी सांगूपण शकत नाही, की बाबा, तुझं खरं माझ्याकडे आहे! कव्हर माझ्याकडे आहे, कॅसेट माझ्याकडे आहे, आणि बोंबलायची सोय नाही. ग्रुपवर फोटो टाकू? तिथे तो आहे! पडदा सारायचा, बघायचं, पडदा लावायचा. असलं कसलं हो सुख?

मग वास्तुशांत झाली. झकास जेवण होतं, खोटं कशाला बोलू, मसालेभातावर तुपाची धार कुणी हात आखडून सोडत नव्हतं. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि जितेश माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मन्या, आता तरी कॅसेट आण. आजच्या दिवशी बघू." आणि मी आणली. का आणली? भात चढला होता म्हणा, किंवा मनात कुठेतरी टोचत होतं म्हणा. खाचर ओलांडून तांदळाच्या डब्यातनं कॅसेट काढली, पुसली, नेली. मालोजीकाकांचा व्हीसीआर नव्या हॉलमध्ये मांडलेला. मी, सुप्रिया, जितेश, आणि सतरंजीवर मध्यभागी काकी, सुपारी कातरत.

आणि सिनेमा सुरू झाला! धुकं. मोठं घर. म्हातारा मेला. वकिलाने कागद काढला. आणि समोरच्या घरात एक पुतण्या, बारीक, उंच, हातात कप, तो रोज खिडकीत उभा राहून ह्या घराकडे बघतो. मी खिळून गेलो होतो. सूर्य मावळला तरी भान नव्हतं. पहिला खून झाला, सुई, बाई किंचाळली, आणि काकीने सुपारी खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्यो खिडकीतला. ह्यानंच मारलं."

म्हटलं, काकी, एवढ्यात कसं सांगता? अजून सहा सुया बाकी आहेत. शिवाय तो बघा कसा सरळ आहे, सगळ्यांना मदत करतो, दोरी पण देतो. काकी म्हणाली, "जो रोज चा पीत दुसऱ्याचं घर बघतो, त्याच्या पोटात चा पचत नाय रं."

सुप्रियाने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघितलं. आणि शेवटी निघालाच हो तो खिडकीतला! विधवेनेच त्याला पकडला, शेवटची सुई त्यालाच. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काकी, त्या दिवशी गावात एवढी उंच पोरं असताना खिळा ठोकायला मलाच का हो हाक मारलीत? काकी सुपारी चघळत, अगदी मायेने, खरंच मायेने म्हणाली, "आमची सासू सांगायची, ज्याची नदर लागलीय त्याच्याच हातनं ठोकून घ्यावं. मंग बाधत नाय. आन बघ, तवापासनं सलाब गळाला नाय."

जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण नव्या टाइल्स होत्या, त्याही दुभंगेनात! जितेश बिचारा हसायला लागला, "आई, काहीपण काय!" आणि उठून आत गेला आणि बाहेर आला, हातात काय? कव्हर! पिशवीतलं. जरा पिवळं पडलेलं, एका बाजूला घडी, मागे शेंगदाण्याच्या तेलाचा डाग. म्हणजे… हो, तुम्हाला कळलं, मला तेव्हा कळलं. पदू! 'आली का ही बाई परत!' कपाटात जे होतं ते जितेशने काढून ठेवलेली झेरॉक्स होती, अस्सल त्याने आत दुसरीकडे जपून ठेवलं होतं, आणि मी छातीशी धरून नेलेली माझी विधवा पदूच्या दुकानातली होती, तिचीच मी झेरॉक्स काढून आणली!

आणि जितेश म्हणतो, "मन्या, हे घे. जोडी होऊ दे. मी सोडलं रे हे, घराच्या नादात वेळच नाही मिळत. आणि हा व्हीसीआरपण ने, नव्या हॉलमध्ये जुना दिसतो. तुला माझ्यापेक्षा जास्त आवडतं, मला माहितेय." मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "घे रे." आणि माझ्या हातात दिलं. माझ्या घामाच्या हातात! सोडलं म्हणे. अहो, असं सोडतात का? मी वर्षभर खिडकीत उभा राहिलो, तो झगडला पाहिजे होता ना माझ्याशी! आता त्याने कडकनाथ कोंबड्या आणल्यात, त्यात एक कोंबडा आहे, काळा कुळकुळीत, काय डौल आहे त्याचा… असो. मी तिकडे बघत नाही. खिडकीला मी पडदा लावलाय.

तर आता घरी आलो मी. कॅसेट माझ्याकडे, कव्हर माझ्याकडे, व्हीसीआर माझ्याकडे. ग्रुपवर फोटो टाकला, बेल्जियमचा माणूस मला 'भावा' म्हणाला. आख्ख्या जगात हे सगळं फक्त माझ्याकडे! म्हटलं, आता जपायला पाहिजे, लोकांची नजर वाईट. ती सदऱ्यातनं आणलेली झेरॉक्स होती ना, तिला पदूकडनं लॅमिनेशन करून आणलं, शिडी लावली, तोंडात खिळे धरले आणि आमच्या दारावर ठोकायला चढलो. सुप्रिया बाहेर आली. खालनं वर बघितलं. चिडली नाही, हसली नाही, अगदी साधं विचारलं तिने, "अहो, पण हे कशाला? आपल्यावर कोण जळतंय?"

…तोंडात खिळे होते हो. उत्तर देता आलं नाही.